हातांवरची पाळत

कानवाली चार-पाच वर्षांची होईपर्यंत तिची ठाम समजूत होती, की तोंड जेवायला असतं आणि बोलायला हात असतात. तिची आई हातांनी बोलायची, वडील हातांनी बोलायचे, जिन्यावर भेटणारी माणसं हातातली पिशवी आधी पायरीवर ठेवायची आणि मग बोलायची. इमारतीत सव्वीस बिऱ्हाडं होती, सगळी खिळ्यांच्या कारखान्यातली, आणि त्यातली बावीस बहिऱ्यांची. तारेचे तुकडे पाडून त्यांना डोकी ठोकणारी ती यंत्रं इतका दणदणाट करत, की कान शाबूत असलेला माणूस दोन वर्षांत कामातून जाई. म्हणून भरती करतानाच बहिरी माणसं घ्यायची, असं वरच्यांनी ठरवलं होतं. जे गेलेलंच आहे ते पुन्हा काय जाणार!

बहिऱ्या माणसांत नाव असतं ते कागदावर. हाक मारायला खूण लागते. ही मुलगी दोन महिन्यांची असताना बापाने तिच्या पाठीमागे ताट आपटून पाहिलं. ती दचकली आणि रडायला लागली. बाप तिला उचलून सगळ्या बिऱ्हाडांतून फिरवून आला, कानामागे वाकडा पंजा धरून प्रत्येकाला दाखवत: हिला ऐकू येतं! तीच तिची खूण झाली. कानवाली.

ऐकू येणारं मूल म्हणजे त्या घराची जीभ. दवाखान्यात, धान्याच्या दुकानात, सरकारी खिडकीपाशी, सगळीकडे आईचं बोट धरून हीच पुढे. शाळेत बाईंनी आईला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या तोंडाला क्षणभर विश्रांती नाही." कानवालीने आईकडे वळून हातांनी सांगितलं, "बाई म्हणतात, मुलगी हुशार आहे." आईने बाईंच्या कपाळावरच्या आठ्या पाहिल्या, मुलीकडे पाहिलं आणि बाईंना नमस्कार करून निघाली. घरी आल्यावर तिने मुलीच्या पाठीत धपाटा घातला. "चेहरा मला वाचता येतो," ती म्हणाली.

त्या घरात भांडण करायचं म्हणजे दिव्याखाली समोरासमोर उभं राहून. आई हरायला लागली की डोळे मिटून घ्यायची. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की त्याच्याशी कोण काय बोलणार? बाप हात चोळत बसायचा. मग तो मुलीला झोपवायला घ्यायचा. डाव्या तळहातावर उजवी मूठ आडवी ठेवायची, तान्ह्या मुलासारखी, आणि तिला दोनदा थोपटायचं. ही खूण त्याने स्वतः जुळवलेली. यंत्राचा हातोडा बंद झाला, हातोडा झोपला, आता तू झोप. त्या बिऱ्हाडाबाहेर ती खूण कुणालाच ठाऊक नव्हती. अपवाद एक, बोबडा काका.

बोबडा काका बापाचा जिवलग. यंत्रात उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, त्यामुळे त्याच्या खुणा अर्धवट उमटत. परका बहिरा माणूससुद्धा त्याच्यासमोर गांगरून जाई. इमारतीतल्या लोकांना मात्र त्याचं सगळं कळे. बाप छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा कानवाली एकोणीस वर्षांची होती. त्यानंतर दर सुटीच्या दिवशी दुपारी काका त्यांच्याकडे जेवायला यायचा. आईसाठी नळाची गळती बंद करायचा, कानवालीला लग्नावरून चिडवायचा. त्याला एकच ध्यास होता. लांब समुद्राकाठी त्याची बहीण होती, तिच्याकडे जाऊन राहायचं. पण गाव सोडायला शिक्का लागे, काम सोडायला दुसरा शिक्का लागे आणि दोन्ही शिक्के एकाच कपाटात असत. तीनदा त्याचा अर्ज परत आला. तिसऱ्या वेळी कारण विचारलं, तर खिडकीतला माणूस कानवालीला म्हणाला, "कारण असतं तर लिहिलं नसतं का?"

मग घरोघर भिंतीवर पेट्या बसल्या. पाळत ठेवणारं सरकारी खातं त्यांना श्रवणपेटी म्हणे. लोकांनी तिचं नाव पाडलं आत्याबाई. घरातलं सगळं कान देऊन ऐकायचं आणि बाहेर जाऊन सांगायचं, याला दुसरं नाव कुठलं शोभणार! आत्याबाई आल्या आणि गाव मवाळ झालं. माणसं हवापाण्याबद्दल बोलू लागली. नवरा-बायको भांडायचे तेसुद्धा सरकारची स्तुती करत. "तुझ्यासारख्या ऐतखाऊलाही पोसणारं सरकार किती थोर मनाचं!" असं बायको किंचाळे आणि नवऱ्याला उत्तर देता येत नसे.

बहिऱ्यांच्या इमारतीतही सव्वीस आत्याबाई बसल्या. त्यातल्या बावीस जणींना भांड्यांचा आवाज, पावलांचा आवाज आणि मधूनच हसण्याचा स्फोट, एवढंच ऐकू जाई. त्या अख्ख्या गावात मनातलं बोलणारी तेवढीच माणसं उरली होती. कारखान्याच्या जेवणघरात दुपारी हात असे उडत, की वाटावं पाखरांचा थवा बसलाय. कुणाला उचलून नेलं, कुणाचा पास फाडला, फोटोतल्या मोठ्या साहेबांचं पोट दर वर्षी कसं वाढतं, सगळं.

हे समोरच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंनी हेरलं. त्यांच्या नवऱ्याला नेऊन आठ महिने झाले होते. एक दिवस त्या कानवालीच्या आईसमोर येऊन बसल्या आणि कानवालीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "आईंना सांग, मला सगळी भाषा नको. मला फक्त शिव्या शिकवा."

आई पोट धरून हसली. "शिव्या आजच शिकवते," ती म्हणाली. "बाकीचं सावकाश."

शिंपीणबाई त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्या राहून अर्धा तास हातांनी शिव्या देत होत्या. देता देता त्यांना रडू कोसळलं. दुसऱ्या आठवड्यात त्या बहिणीला घेऊन आल्या. मग एक शिक्षक आला, मग एक नवं लग्न झालेलं जोडपं. वर्षभरात बसच्या रांगेत, दुकानात, बागेच्या बाकावर ऐकू येणारी माणसं चोरून हात हलवताना दिसू लागली. उच्चार वाईट, पण बोलणं खरं. आईचा तो काळ सुखाचा होता. सगळं आयुष्य तिने जगाकडून कीव घेतली होती. आता जग तिच्या दारात शिकायला येत होतं.

आत्याबाईला मिशा फुटायच्या तेवढ्या राहिल्यात, असं लोक थट्टेने म्हणत. मिशा काही फुटल्या नाहीत, पण एक काचेचा डोळा फुटला. आधी कारखान्याच्या जेवणघरात, मग जिन्यात, मग रस्त्याच्या कोपऱ्यांवर. चित्रं भराभर जमू लागली. पण ती वाचणार कोण?

कानवाली तेव्हा एकतीस वर्षांची होती. बसच्या डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायची आणि दिवसभर कुठली गाडी कुठून सुटते ते सांगायची. तिथेच तिला बोलावणं आलं. खात्यातल्या ज्या साहेबांसमोर तिला नेलं, ते इतके हळू बोलत की समोरच्याला पुढे वाकावं लागे. त्यांना तिथे मऊ साहेब म्हणत.

"बसा ना," ते म्हणाले. "आईंना किती दिसतं हल्ली?"

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. नंबर लावून वर्ष झालं होतं, अजून चारेक वर्षं लागतील असं इस्पितळाने सांगितलं होतं.

"उजेड चांगला असला तर बोटं दिसतात," ती म्हणाली.

"आणि ऐकू येत नाही. म्हणजे डोळे गेले की..." त्यांनी पुढचं तिच्यावर सोडलं. मग समोरचा कागद तिच्याकडे सरकवला. "पुढच्या महिन्यात एक डोळा. सहा महिन्यांनी दुसरा. तुम्हाला काही वाईट करायचं नाहीये, बाई. लोक जे बोलतात ते लिहायचं, बस. लहानपणापासून तेच करत आलात की."

तिने विचार करायला एक दिवस मागितला. साहेब म्हणाले, "हो, घ्या की," आणि घड्याळाकडे पाहिलं. कानवालीने तिथेच सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही, हे ती पुढे कधी विसरली नाही.

आईला तिने सांगितलं, नोंदणी कचेरीत टंकलेखनाचं काम मिळालंय. आईचा उजवा डोळा महिन्याभरात झाला. पट्टी काढली त्या सकाळी आईने आधी स्वतःचे हात पाहिले, उलटेसुलटे करून. मग मुलीच्या गालाला हात लावून म्हणाली, "किती वाळलीस! मला कुणी सांगितलंच नाही."

काम म्हणजे एक खोली, चित्रं दाखवणारे तीन पडदे आणि हिरव्या कागदांचा गठ्ठा. डावीकडे वेळ आणि जागा लिहायची, उजवीकडे बोलणं. कानवालीने पहिल्या दिवसापासून उजवीकडे थापा मारायला सुरुवात केली. शिक्षक बागेतल्या बाकावर म्हणाला, "माझ्या वर्गातल्या दोन मुलांचे बाप गेल्या आठवड्यात गायब झाले." तिने लिहिलं, "दोन मुलांना सर्दी झाली आहे." शिंपीणबाईंनी दुकानाच्या काचेआडून मोठ्या साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिने लिहिलं, "कापड आटलं म्हणून गिऱ्हाईक चिडलं." संध्याकाळी घरी येताना तिला हलकं वाटे. आईचा डोळाही मिळाला आणि कुणाचं वाकडंही झालं नाही. आपण साहेबांना शेंडी लावली, असं तिला वाटायचं.

चार महिन्यांनी मऊ साहेबांनी तिला बोलावलं आणि एक पडदा सुरू केला. बसच्या थांब्यावर दोन माणसं बोलत होती. कानवालीला ती आठवत होती. एकाने म्हटलं होतं, "पुलावर बुधवारी जमायचं." तिने लिहिलं होतं, "बुधवारी पाणी येणार नाही."

"ही दोघं आमची माणसं," साहेब म्हणाले. "तुमच्याच शिंपीणबाईंच्या बहिणीकडे शिकली. काय बोलायचं ते मी लिहून दिलं होतं." त्यांनी पडदा बंद केला. "असे चित्रांचे अकरा तुकडे आहेत. अकराही वेळा सर्दी, पाणी आणि कापड."

साहेब रागावले नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"आईंचा एक डोळा झाला, एक राहिलाय," ते म्हणाले. "झालेल्या डोळ्याचीही दर महिन्याला तपासणी असते म्हणे. औषधाचे थेंब वगैरे. यापुढे नीट लिहा."

पुढच्या मंगळवारी तिच्यासमोर जेवणघरातला तुकडा आला. सव्वा मिनिटाचा. टेबलापाशी बोबडा काका बसला होता. समोर पाठमोरी आई होती. आईची पाठ कानवालीला कुठेही ओळखू आली असती. काका आपल्या तीन बोटांच्या हाताने सांगत होता, "मी सगळ्यांशी बोललोय. महिनाअखेरीला दुपारच्या सुटीचा दिवा लागला की..." आणि त्याने डाव्या तळहातावर उजवी मूठ आडवी ठेवली आणि तिला दोनदा थोपटलं. "शिक्के मिळेपर्यंत."

कानवालीने तो तुकडा पुन्हा लावला. आणखी एकदा लावला.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. तिला पकडणं या वेळी शक्य नव्हतं. काकाची बोबडी बोली साहेबांच्या शिकाऊ माणसांना कळली नसती आणि बापाची ती खूण तर जगात तिघांनाच ठाऊक होती. तिने "हात दुखतोय, चोळून दे" असं लिहिलं असतं तरी खपून गेलं असतं. हे तिलाही कळत होतं. पण अकरा तुकडे तिच्या डोक्यात बसले होते. हाही तुकडा साहेबांनीच लिहून दिलेला असेल तर? काका त्यांचा माणूस असेल तर? असं नसतं, हे तिला ठाऊक होतं. पण भीतीला पुरावा लागत नाही. तिने पेन उचललं आणि लिहिलं. लिहिताना तिला खुणेला नेमका शब्द सापडला, आणि क्षणभर, खरं सांगायचं तर, तिला बरंही वाटलं. "महिनाअखेरीस दुपारच्या सुटीचा दिवा लागला की हातोड्यांना झोपवायचं. शिक्के मिळेपर्यंत." डावीकडे तिने लिहिलं, "समोरची व्यक्ती पाठमोरी. ओळख पटत नाही."

दोन दिवसांनी बोबड्या काकाला यंत्रावरून उठवून नेलं. त्याचे हात पाठीमागे बांधले. बहिऱ्या माणसाचे हात बांधले की तोंडात बोळा कोंबल्यासारखंच. यंत्रापासून फाटकापर्यंत तो नुसता मान हलवत होता. त्याला कुणाला काय सांगायचं होतं, ते कळलं नाही.

आठवड्याने फाटकावर कागद लागला. गुन्हेगाराचं नाव, कलम, आणि खाली त्याचे शब्द, छापील, अवतरणात. इमारतीतल्या बऱ्याच जणांना अडखळत वाचता येई. आईलाही येई. नव्या डोळ्याने ती फाटकापाशी उभी राहिली, एकेका अक्षराखाली बोट धरत. "झोपवायचं" या शब्दावर बोट थांबलं.

कानवाली घरी आली तेव्हा आई खिडकीपाशी उजेडात उभी होती.

"नोंदणी कचेरीत काय काम करतेस?" आईने विचारलं.

"सांगितलं ना. टंकलेखन."

आईने डाव्या तळहातावर मूठ ठेवली. थोपटली नाही, नुसती ठेवली. "हे टंकलंस?"

चेहरा वाचणाऱ्या बाईपुढे थापा किती मारणार? कानवाली खुर्चीवर बसली. तिने तुटक तुटक सांगितलं, "तुझ्या डोळ्यासाठी केलं. आंधळी झाली असतीस. मग तुझ्याशी बोलायचं कसं?"

"मला विचारलं होतंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो," आई म्हणाली. "नाही म्हणाले असते."

कानवालीला वाटलं, आता ही डोळे मिटून घेईल, नेहमीसारखे, आणि भांडण तिथे थांबेल. आईने डोळे मिटले नाहीत. तिने दोन्ही हात काखेत घालून घट्ट दाबले आणि मुलीकडे पाहत राहिली.

दुसऱ्या डोळ्याची चिठ्ठी आली तेव्हा आईने ती परत पाठवली. इस्पितळातल्या बाईंना तिने कागदावर लिहून दाखवलं: "एक पुरे. दिसलं तेवढं पुष्कळ झालं."

आईने कुणाला काही सांगितलं नाही, पण इमारतीला समजायचं ते समजलं. कानवाली जिन्यात आली की हात खिशात जात. नळावर बोलत असलेल्या दोघी एकदम बादल्या उचलत. आठ-दहा महिन्यांची पोरं, जी नुकती बोटं हलवायला शिकत होती, त्यांचे हात त्यांच्या आया धरून ठेवत. चोहीकडे शांतता. लोकांना वाटतं बहिऱ्यांच्या इमारतीत शांतताच असणार. कानवालीला ती पहिल्यांदा तेव्हा ऐकू आली.

खातं तेवढ्यावर थांबलं नाही. घरोघर वेगळ्या खुणा असणं सरकारला परवडणारं नव्हतं. सर्वांसाठी एकच मंजूर खुणांची वही काढायचं ठरलं आणि ते काम कानवालीकडे आलं. तिने दोन हजारांवर खुणा मांडल्या. मऊ साहेब तांबडी पेन्सिल घेऊन बसले.

"'नाही'ला चार खुणा?" ते म्हणाले.

"एक साधी. एक रागाची. एक थट्टेची. एक, नाही म्हणायचं जिवावर येतं तेव्हाची."

"साधी ठेवा. आणि हे काय, 'का'?"

"प्रश्न विचारायला लागते."

"'कधी' आहे, 'कुठे' आहे, 'किती' आहे. 'का' राहू द्या."

वहीत सहाशे चाळीस खुणा उरल्या. वहीबाहेरची खूण केली तर महिन्याचं धान्य बंद. आईला वहीची प्रत मिळाली, ती तिने एका दिवसात पाठ केली. त्या दिवसापासून ती कानवालीशी पुन्हा बोलू लागली. पण फक्त वहीतलं. "जेवण तयार आहे." "पाणी गरम आहे." "दार बंद करा." वहीत सगळ्यांसाठी एकच आदरार्थी रूप होतं, त्यामुळे पोटच्या मुलीला आई "बसा", "जेवा", "झोपा" म्हणू लागली. कानवाली कधी चिडून जुन्या खुणांनी म्हणे, "मला शिवी तरी दे!" आई मान हलवून सांगे, "ही खूण वहीत नाही."

दोन वर्षं अशी गेली. मग एका दुपारी डोकं दुखत होतं म्हणून कानवाली लवकर घरी निघाली. रस्त्यावरून तिने वर पाहिलं. खिडकीत आई आणि शिंपीणबाई समोरासमोर बसल्या होत्या. आईचे हात जोरात चालले होते. खांदे हलत होते, ती हसत होती. इतक्या वर्षांत ती तशी हसली नव्हती. कानवाली थांबून वाचू लागली, आणि तिला एक अक्षर कळलं नाही. खुणा वहीतल्या होत्या, "पाणी", "दार", "तांदूळ", पण क्रम भलताच आणि कुठे खांदा उडवलेला, कुठे भुवई. "तांदूळ" म्हणताना दोघी गंभीर होत होत्या. "दार"ला खदखदून हसत होत्या. इमारतीने वहीच्याच पोटात नवी भाषा घडवली होती, आणि ती घडवताना तिला बाहेर ठेवलं होतं.

आठवड्याभरात त्या खुणा तिच्या पडद्यावरही आल्या. जेवणघरात अख्खं टेबल तांदूळ आणि दारांबद्दल बोलत होतं. तिने उजवीकडे लिहिलं, "अर्थ लागत नाही." मऊ साहेबांनी तिला तीनदा विचारलं, मग आणखी कुणी दोघांनी बंद खोलीत पाच दिवस विचारलं. तिच्या डाव्या हाताचं मनगट तेव्हापासून नीट वळत नाही. ती एकच सांगत होती, "मला खरंच कळत नाही." आयुष्यात सगळ्यात प्रामाणिकपणे बोललेलं ते वाक्य कुणालाही खरं वाटलं नाही. शेवटी तिला काढून टाकलं आणि डेपोत गाड्या धुवायच्या कामाला लावलं.

ती घरी परतली त्या दिवशी जिन्यात माणसं उभी होती. हात खिशाबाहेर होते. शिंपीणबाईंनी तिचं सुजलेलं मनगट दोन्ही हातांत धरलं आणि त्यांचे डोळे भरून आले. कानवालीला आधी काही उमगेना. मग उमगलं. पाच दिवस मार खाल्ला, पण आमची भाषा सांगितली नाही, असं सगळे समजत होते. तिने तोंड उघडलं, हात उचलला, पण मनगट दुखत होतं आणि गर्दी तिला वर नेत होती. तिने काही सांगितलं नाही.

आई दारात उभी होती. सगळे गेल्यावर तिने मुलीचा चेहरा वाचला. वाचायला वेळ लागला नाही.

"तुम्हाला कळलं नव्हतं," आई वहीच्या खुणांत म्हणाली.

"नव्हतं," कानवाली म्हणाली.

आईने मान डोलावली आणि चुलीकडे वळली. ही गोष्ट तिने इमारतीत कुणाला सांगितली नाही. का नाही सांगितली, हे विचारायची कानवालीची छाती झाली नाही.

पंधरा दिवसांनी शिंपीणबाई आल्या. दार लावून घेतलं, आत्याबाईला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि कानवालीसमोर बसून कुजबुजल्या, "चल, तुला शिकवते. आता तुझ्यापासून काय लपवायचं? 'तांदूळ' म्हणजे..."

कानवालीने त्यांचे हात पकडले. "शिकवू नका."

"अगं, वेडी की काय? आईशी बोलायचं नाही का तुला?"

"मला जे कळतं ते मी सांगून टाकते, मावशी. मला शिकवू नका."

शिंपीणबाईंना वाटलं, पोरीने धसका घेतलाय. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. आई कोपऱ्यातून पाहत होती. ओठ वाचून तिला किती कळलं कोण जाणे. ती उठली, डब्यांमागून एक पाकीट काढलं आणि मुलीपुढे ठेवलं. बोबड्या काकाच्या समुद्राकाठच्या बहिणीचं पत्र होतं, वर्षभरापूर्वीचं. "माझा भाऊ कुठे आहे? त्याने लिहिणं का थांबवलं? तुमच्या घरी तो जेवायला यायचा, म्हणून तुम्हाला विचारते."

"याचं उत्तर मला लिहिता येत नव्हतं," आई म्हणाली. दोन वर्षांनी पहिल्यांदा ती जुन्या खुणांनी बोलली, पण हात आखडलेले होते, एखादं अवघड काम करावं तसे. "तू लिही. खरं लिही."

कानवाली लिहायला बसली. भावाला नेलं, कधी नेलं, ते लिहिलं. तो कुठे आहे ते आम्हाला ठाऊक नाही, विचारलं तर कुणी सांगत नाही, असं लिहिलं. मग थांबली आणि लिहिलं, "त्याचं बोलणं सरकारला लिहून देणारी मी आहे. ते माझ्याशिवाय कुणाला कळलं नसतं." आणि खाली, "माझ्या आईच्या डोळ्यांसाठी मला हे करावं लागलं."

आईने कागद उजेडात धरला आणि एका डोळ्याने शेवटपर्यंत वाचला. मग पेन मागून घेतलं आणि शेवटची ओळ खोडली. एकदा नाही, अक्षर दिसेनासं होईपर्यंत.

"हे तिला कशाला?" ती म्हणाली.

पत्र टपालात पडलं. उघडून वाचलं असेल, मध्येच अडवलं असेल किंवा पोचलंही असेल. उत्तर आलं नाही. बोबडा काका परत आला नाही. आई पुढे सहा वर्षं जगली. कानवालीशी ती जेवणापुरतं, पाण्यापुरतं बोले. शेजारणी आल्या की त्या सगळ्या आतल्या खोलीत बसत, तांदळाच्या आणि दारांच्या गोष्टी करत, आणि कानवाली स्वतःहून उठून बाहेरच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून बसत असे.